हुंड्यात दिलेला गोल

माझं लग्न फुटबॉलनं जमवलं आणि माझ्या भावाला माझ्या दारापासून तोडलं तेही फुटबॉलनंच. हे कुणाला सांगायला गेलं की ऐकणारा आधी हसतो. बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की लाल माती आणि पैलवान एवढंच दिसतं. पण आमच्याकडं पेठ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे फुटबॉलचा संघ, हे इथल्या पोराला बाळगुटीतच पाजलेलं असतं. नव्वदच्या दशकात तर मॅचच्या दिवशी दुकानांची अर्धीच फळी उघडी असायची, आणि लग्नाचे मुहूर्तसुद्धा लोक सीझन संपायची वाट बघून धरायचे. माझं लग्नही तसंच धरलं होतं.

माझं माहेर एका पेठेत आणि सासर दुसऱ्या पेठेत. झाकलेलं कालवण हातात घेऊन चालत गेलं तर गरम पोचतं, एवढंच अंतर. पण या दोन पेठांची खुन्नस कधीपासूनची आणि कशावरून, हे जुन्या माणसांनाही धड सांगता येत नव्हतं. मैदानावर गॅलरीतसुद्धा दोन्ही पेठांच्या जागा ठरलेल्या होत्या, समोरासमोर. चुकून दुसऱ्यांच्या बाजूला बसलेल्या माणसाकडं लोक असं बघायचे की तो आपोआप उठून जायचा.

माझा भाऊ माझ्यापेक्षा लहान. वडील मी शाळेत असतानाच गेले आणि आई वाकळा शिवायला लागली. जुन्या लुगड्यांचे, परकरांचे थर घालून गोधडी शिवतात तिला आमच्याकडं वाकळ म्हणतात. आईच्या हातचा टाका इतका बारीक की गारगोटीपासनं बायका गठ्ठे घेऊन यायच्या. आई दिवसभर सुईवर आणि भाऊ दिवसभर माझ्या कडेवर. रात्री झोपताना माझ्या परकराची कड मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. मोठा झाल्यावर तो शिरोलीच्या फौंड्रीत लागला आणि पेठेच्या संघात गोलपुढं अडवायला, स्टॉपर म्हणून उभा राहिला. अंगानं आडवातिडवा, डोकं तापट. समोरच्यानं एक शिवी दिली की हा दोन हात पुढं. किती वेळा पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर घालवलं असेल, देव जाणे. आई म्हणायची, "ह्याच्या नाकावर कायम कढई तापल्याली असती."

आणि आमचे हे दुसऱ्या पेठेचे फॉरवर्ड. स्वतःचं टू-व्हीलर गॅरेज, पाय वाऱ्यासारखे आणि जीभ त्याहून जोरात. मैदानावर समोरच्याला डिवचायचं, तो चिडला की चुकतो, चुकला की गोल करायचा, ही ह्यांची पद्धत. त्यात ह्यांना काही वाईट वाटायचं नाही. "डिवचायचं न्हाई तर पेठेची मॅच कशाला म्हणायची? बुद्धिबळ खेळावं की घरात बसून," असं ते आजही म्हणतात, फक्त आता आवाज तेवढा मोठा नसतो.

माझ्या भावाची आणि ह्यांची मैदानावर वर्षानुवर्षं जुंपलेली. पण तेव्हा एक रीत होती. संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायचं. म्हशी रांगेनं उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, तिथं. जिंकलेल्यानं हरलेल्याला दूध पाजायचं आणि दुपारचं भांडण तिथं संपवायचं. कुणाचा ओठ फुटलेला असायचा, कुणाचा गुडघा सुजलेला, पण ग्लास रिकामा झाला की विषय संपला. आमचा भाऊ कित्येकदा वरच्या ओठावर फेसाची मिशी घेऊन घरी यायचा आणि आईला म्हणायचा, "आज हाणला एकाला. चांगलं पोरगं हाय पण."

अशाच एका संध्याकाळी येऊन तो म्हणाला, "आई, आक्कासाठी मुलगा बघितलाय." आईनं सुई बाजूला ठेवली. पेठ कुठली ते ऐकल्यावर म्हणाली, "दुसरी पेठ मिळाली न्हाई व्हय रं तुला? लोक काय म्हणतील?" तर हा म्हणतो, "लोकांचं काय करायचंय? मी त्याच्या अंगाला अंग लावून खेळतोय इतकी वर्सं. तोंडानं फटकळ हाय, पण पाठीमागनं मारत न्हाई. पडलेल्याला हात देतोय. माणूस मैदानावर कळतो की." कुंडली, पत्रिका काही बघितलं नाही. भावानं पारखलेला मुलगा म्हणून मी मान डोलावली. लग्नात दोन्ही तालमींची पोरं वाढायला होती आणि वाढता वाढता एकमेकांना टोमणे मारत होती.

वर्षाच्या आत अधिक महिना आला. अधिकात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, वाण द्यायचं. आईनं आठ दिवस आधीपासून तयारी केली. पाटाखाली रांगोळी, समईशेजारी ताट, आणि ह्यांना बसायला भिंतीला टेकून एक वाकळ घडी करून ठेवलेली. भावाला पान आणायला चौकात पाठवलं होतं. जेवताना ह्यांचा हात वाकळेवरनं फिरला आणि हे आईला म्हणाले, "मामी, लई मऊ झालीय ही. आम्हाला एक असली द्या की."

आई म्हणाली, "दुसरी देतो शिवून. ही त्याची हाय." आणि मग तूप वाढता वाढता तिनं सगळं सांगितलं. मी सासरी गेल्यावर तो धड जेवत नव्हता. आई झोपली असं वाटलं की तोंडावर चादर घेऊन रडायचा. एवढा मोठा बाप्या, फौंड्रीत लोखंड ओततो, आणि बहिणीसाठी रडतो. मग आईनं माझे जुने परकर, पोलकी काढून त्याची ही वाकळ शिवली, तेव्हा कुठं त्याला झोप लागायला लागली. "कुणाला सांगू नका जावईबापू, मला खाईल तो," असं म्हणून आई हसली आणि पदरानं डोळे पुसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मलाही रडू आलं. आणि खरं सांगायचं तर ह्यांचेही डोळे भरले होते, ते मी बघितलंय. म्हणून तर पुढं जे झालं ते मला अजून उलगडत नाही.

थंडीत सीझन सुरू झाला. दोन्ही पेठांची मॅच लागली. त्या काळात बायका मैदानावर फारशा जात नसत, पण माझा भाऊ आणि माझा नवरा समोरासमोर येणार म्हटल्यावर मला घरी बसवेना. सासूबाईंची परवानगी घेऊन नणंदेबरोबर गेले. बसायचं अर्थातच सासरच्या बाजूला. आयुष्यात पहिल्यांदा मी माहेरच्या पेठेकडं तोंड करून बसले होते आणि माझ्या आजूबाजूचे सगळे माझ्या भावाला शिव्या घालत होते. कुणीतरी मागनं म्हणालं, "वहिनी, कान झाका." मी म्हटलं, "राहू दे, सवय हाय मला."

पहिल्या हाफमध्येच भावानं खांदा लावून ह्यांना आडवं केलं. फाऊल नव्हता, रीतसर होतं. समोरची गॅलरी हसली. हे उठले, अंगावरची माती झटकली आणि भावाच्या अगदी जवळ जाऊन काहीतरी बोलले. भावाची मूठ वर गेली. सगळं मैदान उभं राहिलं, पंच शिट्टी तोंडात धरून धावला. आता बसणार ठोसा, आता दाखवणार लाल कार्ड. आणि ती मूठ तशीच खाली आली. त्यानं ह्यांच्याकडं बघितलंही नाही. तो आमच्या गॅलरीकडं वळला आणि बघत राहिला. इतक्या माणसांत तो कुणाला शोधत होता ते मला कळलं. मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

हे काय बोलले होते ते मला संध्याकाळी कळलं, आणि तेही नणंदेच्या नवऱ्याकडनं, कारण तोपर्यंत पेठभर झालं होतं. हे म्हणाले होते, "जा, वाकळंत तोंड घालून झोप जा. आक्का येईल थापटायला."

मी ताट वाढून ठेवलं होतं ते उचलून आत नेलं. म्हटलं, "आईनं तुमच्या पानात वाढलं ते तुम्ही मैदानात नेऊन सांडलंत." हे चपापले. म्हणाले, "तोंडातनं गेलं गं. त्यानं पाडलं, मी डिवचलं. मैदानातलं मैदानात ऱ्हातंय." मी म्हटलं, "ते मैदानातलं नव्हतं. ते आमच्या घरातलं होतं." चप्पल घालून ते कट्ट्यावर गेले.

भाऊ आला होता. ह्यांनी ग्लास पुढं केला, त्यानं घेतला आणि पूर्ण प्याला. मग म्हणाला, "दाजी, खेळात मला काय बी म्हणा. बाप काढा. आक्काचं तेवढं नको." ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला. घरी येऊन मला अभिमानानं सांगितलं, मिटलं म्हणून. मीही सुस्कारा सोडला. आम्ही दोघंही खुळे. तोंडातनं गेलेली गोष्ट ह्यांनी गिळली असती, पण ती आता ह्यांच्या एकट्याच्या तोंडात नव्हती.

पुढची मॅच त्याच सीझनची, शेवटची. मी पुन्हा गेले. जायला नको होतं, पण गेले. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि आमच्या बाजूच्या पोरांनी वेळूच्या काठीला बांधून एक वाकळ वर काढली. झेंड्यासारखी हलवायला लागले. अख्खी गॅलरी तालात ओरडायला लागली, "वाकळ, वाकळ." माझ्या शेजारची म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. कुणाला वाईट करायचं होतं असं नाही. त्यांना मजा येत होती. मी कुणाची बहीण आहे हे माहीत असलेल्यांनाही मजा येत होती, हे जास्त लागलं.

समोरची गॅलरी वेगळंच ओरडत होती. त्यांचा स्टॉपर, आमचा भाऊ, ज्याचं डोकं एका शिवीनं फिरायचं, तो गप्प खेळत होता. त्याच्या पेठेला ते बघवेना. "घे की अंगावर." "बांगड्या भर." त्याचे सोबतीसुद्धा जवळ जाऊन काहीबाही सांगत होते. तो मान हलवायचा आणि आपल्या जागी जाऊन उभा राहायचा. दोन्ही बाजूंनी एकाच माणसाला टोचत होते आणि तो खाली बघत होता. मला वाटत होतं उठावं, काठीवरची ती वाकळ ओढून काढावी. पण सासरच्या बाजूला बसलेली सून काय उठणार?

शेवटी शेवटी हे बॉल घेऊन सुसाट निघाले. मधे फक्त भाऊ. तो धावत आडवा आला, अंतर कमी झालं, आणि ऐनवेळी त्यानं पाय मागं घेतला आणि बाजूला झाला. लहान मूल रस्त्यात आलं की सायकलवाला वळवतो तसा. हे पुढं गेले आणि गोल झाला. मैदान फुटल्यासारखं झालं. हे आनंदात गॅलरीकडं धावत आले, पोरांनी काठीवरची वाकळ खाली टाकली, आणि ह्यांनी ती उचलून खांद्यावर पांघरली. हात पसरून नाचले. शब्द दिलेला माणूस. माझा भाऊ तिकडं गोलपोस्टजवळ उभा राहून ते बघत होता.

घरी आल्यावर हे अंघोळ करून बसले. पाय चोळत म्हणाले, "तो बाजूला झाला. मुद्दाम झाला. आडवा आला असता तर माझा पाय ऱ्हायला नसता." मग उठून कट्ट्यावर गेले. भावासाठी ग्लास भरून घेतला आणि साय धरेपर्यंत थांबले. तो आला नाही.

त्याच्या पेठेनं त्याला सोडलं नाही. गोल विकला म्हणाले. मग कुणीतरी त्याहून वाईट शोधून काढलं, "दाजीला गोल हुंड्यात दिला." हे पोरांच्या तोंडी बसलं. सकाळी आईनं दार उघडलं तर कडीला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या. भावानं त्या काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि कामावर गेला. आठवडाभरानं त्यानं जर्सी धुऊन, इस्त्री करून तालमीत नेऊन दिली, बूट दिले, आणि परत त्या मैदानाकडं गेला नाही. ज्या माणसानं रागाच्या भरात इतक्यांची तोंडं फोडली त्याला पेठेनं दर वेळी परत घेतलं होतं. ज्या एका दिवशी त्यानं राग गिळला त्या दिवशी त्याला टाकलं.

आणि तो माझ्या दारात यायचा बंद झाला. भांडला नाही, बोलणं तोडलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हा त्यानं काही कमी केलं नाही. रात्रपाळी करून यायचा आणि डिंक, खोबरं, औषधं आणायला जायचा. पोराला मांडीवर घेऊन बसायचा. मला विचारायचा तेही कामापुरतं, "आक्का, काय पायजे काय?" मी म्हणायची, "काय न्हाई." मला वाटायचं, ह्याच्या डोक्यात असणार की वाकळेचं मीच नवऱ्याला सांगितलं. एका शब्दात मोकळं होता आलं असतं, की अरे, आईनं सांगितलं. पण ती माय त्याच्या घरात राहत होती, त्याच्या हातचं पाणी पीत होती. तिला त्याच्यापुढं उभी करायची? मी गप्प बसले. त्याला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे म्हटलं.

परत सासरी निघताना आईनं बाळाच्या सामानात भावाची ती वाकळ ठेवली. तो आता ती पांघरत नव्हता, थंडीत नुसत्या चादरीवर झोपायचा. माझी दोन्ही पोरं त्या वाकळेवर वाढली. सकाळी तिची घडी हे घालायचे. मी कधी सांगितलं नव्हतं. चारही कोपरे जुळवून, हात फिरवून, घालायचे.

दर दिवाळीला भाऊबीजेची साडी यायची. आईच्या हातनं यायची, आई थकल्यावर चुलतभावाच्या हातनं. तो यायचा नाही. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, अशी आपल्याकडं रीत आहे. कालवण गरम पोचेल एवढ्या अंतरावर भाऊ असून मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. शेजारणी विचारायच्या, मी म्हणायची पाळी असती त्याची. हे जिन्यात उभे असायचे, वर येत नसत. माझाही स्वभाव काही मवाळ नाही. आई म्हणाली, तू ये की इकडं, इथं ओवाळ. मी म्हटलं, "भाऊबीजेला भावानं यायचं असतंय." एक वर्ष मान खाली घालून गेलेही, तर त्यानं मुद्दाम जादा पाळी घेतलेली. तेव्हापासून गेले नाही. आता वाटतं, फौंड्रीच्या गेटवर ताट घेऊन उभी राहायला हवी होती. लोक हसले असते. आधीच किती हसले होते, त्यात आणखी थोडे.

ह्यांनी त्यानंतर दोन सीझन खेळून सोडलं. गुडघा निमित्त झाला. खरं कारण मला माहीत होतं. समोरच्याला डिवचायला तोंड उघडलं की शब्द येईना म्हणाले. मधल्या काळात घरात फोन आला, मग मोबाइल आले, पेठेत नवी पोरं खेळायला लागली. भावाचं लग्न झालं. त्या लग्नात त्यानं ह्यांचा जावई म्हणून असा मान केला की बघत राहावं. टॉवेल, टोपी, आहेर, पहिल्या पंगतीत पाट. "दाजी, अजून एक घ्या की." सगळं नियमानं. ह्यांना तो घास गिळवत नव्हता.

मग आई गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. एका रविवारी हे म्हणाले, "चल." मी काही विचारलं नाही. दोघं चालत गेलो. भाऊ घरातच होता. ह्यांना बघून उठला, खुर्ची पुढं केली, पंखा लावला. "दाजी, बसा. चहा टाकाय सांगतो." हे बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मी शब्द मोडला होता तुला दिलेला. इतकी वर्सं झाली, मला तोंड न्हाई. एक थोबाडीत दे माझ्या आणि मिटव. मैदानात द्यायची ऱ्हायल्याली, ती दे." हे खरंच गाल पुढं करून उभे राहिले. गुडघ्यात वाकलेला, केस पांढरे झालेला माणूस. मला दोघांकडंही बघवेना.

भाऊ म्हणाला, "असं कसं दाजी? जावयावर कुणी हात उचलतंय व्हय? बसा. चहा घ्या." आणि चहा सांगायला आत गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. हे खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत राहिले.

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. मागनं भाऊ आला, दाराला टेकून उभा राहिला. मला आता आईची काळजी नव्हती. म्हटलं, "तुला वाटत असेल वाकळेचं मी सांगितलं. मी न्हाई सांगितलं."

"माहीत हाय," तो म्हणाला. "आईनं त्या पहिल्या मॅचच्या रात्रीच सांगितलं मला. पाय धराय लागली माझे."

एवढी वर्षं मी आईला झाकत बसले होते आणि झाकायला काही उरलंच नव्हतं. म्हटलं, "मग माझ्यावर कसला राग होता तुझा?"

"तुझ्यावर कुठला राग आक्का?"

"मग दारात का आला न्हाईस?"

समोर पोरं रस्त्यात प्लास्टिकच्या बॉलनं खेळत होती, तिकडं बघत तो म्हणाला, "आलो असतो तर हात उठला असता माझा. तुझ्या घरात, तुझ्यासमोर, जेवणाच्या पाटावर. मैदानात आवरलं कसंबसं. घरात आवरलं असतं असं वाटत नव्हतं. म्हटलं, राग उतरू दे, मग जाऊ."

"आणि उतरला न्हाई?"

"उतरला की. तुझं थोरलं चालाय लागलं तवाच उतरला."

"मग रे?"

"मग सवय झालती," तो म्हणाला.

आतनं कपबशीचा आवाज आला. दाजींचा चहा गार होईल म्हणून तो आत गेला, आणि मी तिथंच पायरीवर बसून राहिले.